शोभाआत्याचा पासपोर्ट

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मधे थांबवू नका.

हे घडलंय ॲडलेडच्या मॉसन लेक्समध्ये राहणाऱ्या यामिनीच्या बाबतीत. भुताखेतांचं नाव काढलं की फिदीफिदी हसणारी बाई ती. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तिने सांगितलं तेच इथे लिहिलंय, पदरचं काही घातलेलं नाही.

जून २०२१. लाँग वीकेंडचा शनिवार. ॲडलेडच्या दक्षिणेला, समुद्राकाठची पायवाट.

आणि हो, भर दुपार. अंधाराला उगाच नावं ठेवू नका.

पण आधी शोभाआत्या.

साताऱ्याची. यामिनीच्या वडिलांची मोठी बहीण, हायस्कूलमध्ये पी.टी.च्या बाई. यामिनीचे आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे पोरीला वाढवलं ते आत्याने. माया खूप, पण अर्धवट काम करून 'झालं' म्हणणाऱ्याची भारी चीड.

त्या पायवाटेवर यात्रेकरूंचा पासपोर्ट मिळतो. घडीची छोटी पुस्तिका असते. वाटेतल्या चर्चमध्ये, बेकरीत, पबमध्ये त्यावर शिक्का मारून देतात. एका दमात चालायची सक्ती नाही. सुट्टी मिळेल तसं, तुकड्यातुकड्याने चाललं तरी चालतं.

आत्याने हे ऐकलं आणि हटूनच बसली. "देव कुणाचा का असेना यामू, पाय तर आपलेच ना? मी येते." २०२०च्या एप्रिलचं तिकीट काढलं. दोघींचे पासपोर्ट पोस्टाने यामिनीच्या घरी आले.

आणि मेला तो कोरोना आला. सीमा बंद.

आत्या कसली गप्प बसतेय!

"तू चाल तिकडे, मी चालते गच्चीवर. तू पोचलीस की फोन कर, मग मी निघेन. जेवढं तू, तेवढंच मी. माझ्या पासपोर्टवरही शिक्का घे. पण फुकटचा नको हं!"

पहिला तुकडा ऑक्टोबरात झाला. दुसरा जानेवारीत. यामिनी मोटेलमध्ये गरम पाण्यात पाय सोडून बसायची. साताऱ्यात आत्या फोन कठड्यावर ठेवून चालायची. सिमेंटवर चपला वाजायच्या.

फटक, फटक, फटक...

भिंत आली की थांबायच्या. वळायच्या. पुन्हा फटक, फटक.

तिसरा तुकडा ईस्टरला. नेमका धो धो पाऊस, वर बोचरा वारा. सोडायला आलेली मैत्रीण मयूरा म्हणाली, "वेडी आहेस का? बस गाडीत. कोणाला कळतंय?"

यामिनी बसली.

हीटर लावला. गप्पा मारत दोघी पुढच्या गावच्या बेकरीत पोचल्या. दोन 'पाय' खाल्ले, म्हणजे सारण भरून भाजलेल्या तिकडच्या पेस्ट्रीज; मांसाच्या नव्हे हो, पालकाच्या. दोन्ही पासपोर्टवर शिक्के घेतले. मग यामिनी बेकरीबाहेर पाटीखाली उभी राहिली आणि मयूराने तिचा फोटो काढला. तो आत्याला पाठवला. फोनही केला.

"झालं गं आत्या! अख्खं चालले."

पलीकडे आत्या खोकली.

"बरं," म्हणाली. "मग निघते मी आता."

पुढच्या आठवड्यात आत्या हॉस्पिटलमध्ये होती. महिना संपायच्या आत गेली.

भारतात जायचा मार्गच नव्हता. आतेभाऊ अपूर्वने फोनवर सगळं सांगितलं. सांगता सांगता म्हणाला, "ईस्टरच्या त्या संध्याकाळीच अंगात ताप होता तिच्या. तरी गच्चीवर गेली. कोणाचं ऐकते का ती?"

यामिनीने फोन ठेवून दिला.

खोट्या चालीसाठी आत्या खरीखुरी चालली होती. तापात! हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडाने? आरशात बघायचीही लाज वाटायची.

निदान शेवटचा तुकडा तरी आत्याच्या नावाने पुरा करू, म्हणून ती जूनमध्ये निघाली. एकटीच. दोन्ही पासपोर्ट सॅकमध्ये.

दुपारपर्यंत ठीक चाललं होतं. मग एक फाटा आला. यात्रेची खूण वर कड्यावरून जात होती. खालून गाड्यांचा कच्चा रस्ता होता, सरळ आणि निम्म्याने कमी. पायाला फोड आला होता. कड्यावर तरी काय ठेवलंय, असं म्हणत ती खालच्या रस्त्याला लागली.

थोडं अंतर गेली असेल.

वारा पडला. सीगल गप्प झाले. समुद्र समोर दिसत होता, पण लाटांचा आवाज येईना.

आणि मग...

फटक, फटक, फटक.

तिने मागे पाहिलं. रस्ता रिकामा.

पायाखाली खडी होती. खडीवर असा आवाज येतच नाही. हा सिमेंटवरचा आवाज होता.

फटक, फटक... थांबला.

वळला.

पुन्हा फटक, फटक. ना जवळ येत होता, ना लांब जात होता. भिंत नसलेल्या उघड्या माळावर कोणीतरी भिंतीपर्यंत जात होतं आणि परत येत होतं.

यामिनीची पाचावर धारण बसली. ती उलटी पळाली, फाट्यापर्यंत आली, कड्याच्या वाटेवर पाय ठेवला...

आवाज बंद.

लाटा पुन्हा ऐकू यायला लागल्या.

आत्या माझ्या मागे लागलीय, रागावलीय, हेच तिच्या मनात. कड्यावर फोनला रेंज आली तशी तिने रडत रडत अपूर्वला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं ओकून टाकलं. गाडी, पाऊस, शिक्के, सगळं.

अपूर्वने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तिला माहीत होतं."

"काय?"

"तुझा फोटो बघितल्या बघितल्या म्हणाली, एवढ्या पावसात पोरीचे बूट कोरडे कसे? पी.टी.ची बाई ती, माणसाच्या तोंडाआधी बूट बघायची."

"मग... मग चालली कशाला ती?"

"मी हेच विचारलं. म्हणाली, दमली असेल बिचारी, राहू दे. तिच्या वाटणीचंही मीच चालते." अपूर्व पुढे म्हणाला, "त्या दिवशी ती दुप्पट चालली, ताई. मी तुला सांगणार नव्हतो."

यामिनी तिथेच मातीत बसली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. आत्या रागावून मागे लागली असती तर एक वेळ चाललं असतं हो! पण ती रागावलेली नव्हतीच. खालच्या रस्त्यावर ती यामिनीने टाळलेला कडा चालत होती.

शेवटचं चर्च आलं. शिक्के झाले. टेबलामागच्या बाईने हसून विचारलं, "तुमची पार्टनर कुठे आहे?" यामिनीने दोन्ही पासपोर्ट सॅकमध्ये ठेवले.

मग जुलैमध्ये ॲडलेडला लॉकडाऊन लागला. घरून काम. एका मीटिंगमध्ये यामिनी सहज बोलून गेली, "हो, टेस्टिंग झालंय." झालं नव्हतं. उद्या करू म्हणाली.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. डोक्यावर कौलारू छप्पर. उतरतं. त्यावर मांजरही नीट उभं राहत नाही.

आणि वर...

फटक, फटक, फटक. थांबणं. वळणं.

यामिनी लाटणं हातात घेऊन तशीच अंगणात धावली. "आत्या, उतर खाली! मी करते! मी करते गं!"

कुंपणापलीकडून शेजारच्या म्हातारीने डोकावून विचारलं, "यू राइट, लव्ह?" बरी आहेस ना, असं.

"नो वरीज," यामिनी म्हणाली, आणि तिथेच हमसून रडली.

आत जाऊन लॅपटॉप उघडला. काम पुरं केलं. तेव्हा कुठे छप्पर शांत झालं.

तेव्हापासून ती काही टाळत नाही. लोक तिला कामसू म्हणून शाबासकी देतात आणि ती मान खाली घालते. "भीती नाही रे वाटत," म्हणते. "लाज वाटते. मेल्यावरही माझ्यापायी तिला बसायला मिळत नाही."

इथे संपलं असतं तर बरं होतं.

गेल्या रविवारी पुन्हा आवाज आला. आता चाल मंदावलीय. मधेच थांबून कोणी धाप टाकावी, तसं ऐकू येतं. यामिनीने सगळं तपासलं. ऑफिसचं, घरचं, कोणाला दिलेला शब्द... त्या दिवशी तिने काहीच चुकवलं नव्हतं.

तरी वर चाल सुरूच.

म्हणजे काहीतरी जुनं. कधीतरी टाळलेलं, 'झालं' म्हणून सोडून दिलेलं. आत्याला ते माहीत आहे आणि यामिनीला आठवत नाहीये.

ती अजून आठवतेय.