मधल्या पाण्यावरची अकरा मिनिटं

आमच्या बेटावरून मोठ्या बेटावर जायला एकशे चाळीस किलोमीटर, अडतीस मिनिटं. वारा पाठीशी असला तर छत्तीस. बारा वर्षं मी विमानतळाच्या टॉवरवर हेच लिहीत आलेय. मधे निव्वळ पाणी, साधा खडकसुद्धा नाही.

ताईचे दिवस भरायला अजून महिना होता, पण त्या दुपारी तिला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. तिला विमानात चढवून डॉक्टरबाईंनी खालूनच मला फोन केला.

"ऑपरेशन तिकडेच होईल. पण ती अर्धा तास काढेल, फार तर."

"अडतीस मिनिटं लागतात हो."

त्यांनी फोन ठेवला.

भावोजी सोबत होते. विमान तीन दहाला उडालं. मी नोंद केली.

तीन एकवीसला मोठ्या बेटाच्या टॉवरवरून फोन आला.

"तुमचं विमान उतरलं. पेशंटला नेलंय."

"कुठलं विमान?"

"अहो, तुमचंच!"

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मोबाइल पाहिला, खाली बंबवाल्याला ओरडून विचारलं. तीन एकवीसच.

संध्याकाळी भावोजींचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. जिवात जीव आला. टेबलावर डोकं ठेवून मी पोटभर रडले. मिनिटांचा हिशेब गेला खड्ड्यात!

दुसऱ्या दिवशी पायलट परत आला, बरोब्बर अडतीस मिनिटांत.

"काल वारा फारच मेहेरबान होता," मी म्हटलं.

तो हसला नाही. "ढगात शिरलो ते आठवतंय. मग एकदम धावपट्टी. मधलं विचारू नका."

त्यानं मला विमानाची चाकं दाखवली. खाचांत काळी ओली माती होती, गवताची पाती होती. दोन्हीकडच्या धावपट्ट्या सिमेंटच्या आहेत. पाइप लावून त्यानं स्वतःच ती धुतली. मी वहीत कालच्या फेरीपुढेही अडतीसच लिहिलं.

पंधरा दिवसांनी ताई घरी आली. गाल भरले होते, बाळ कुशीत झोपलेलं. किती दिवसांनी आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसत होतं!

"माझा धीरच सुटला होता गं," ताई म्हणाली. "पण मधे उतरलो ना, तिथल्या बायकांनी पोटावरून हात फिरवला. तेव्हा जरा बरं वाटलं."

"मधे कुठे?"

"औषधाची गुंगी," भावोजी म्हणाले. ते दुपट्यांच्या घड्या घालत होते. मान काही वर केली नाही.

"गुंगी कसली? नाव काय ठेवणार, तेसुद्धा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तर म्हणाल्या, राहू दे, आम्ही ठेवलंय."

"काय ठेवलंय?"

ताईनं ते हळूच उच्चारलं.

बाळानं डोळे उघडले. पंधरा दिवसांच्या त्या पोरीनं मान वळवली.

आमच्याकडे नाही. खिडकीबाहेरच्या पाण्याकडे.