पहिल्या धारेचा रस

"पुन्हा गढूळ! काय वैताग आहे हा!"

हेमांगी तळवलकरने काचेचं भांडं उजेडात धरलं आणि मनातल्या मनात गाळणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खरं तर गाळणीला पिढ्या नव्हत्याच. हेमांगीने तीन वर्षं खपून चंद्रावरच्या या तळावर बनवलेली ती पहिली आणि एकुलती एक. आज पृथ्वीवरची समिती तिची परीक्षा घेणार होती. गाळणी नापास झाली, तर सांडपाणी पुन्हा वापरता येणार नाही आणि तळ बंद. मग तळावरच्या सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा, हेमांगीनेही.

आणि परीक्षा कशावर? तर बिअरवर! ही कल्पना समितीच्या अध्यक्षा डॉ. कारखानीसांची. मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा गरम पाण्यात भिजवायचा आणि त्याचा गोड रस खाली काढायचा. हाच पुढे आंबवला की बिअर. जवाची टरफलं तळाशी बसून आपोआप चाळणीचं काम करतात, पण पहिली धार गढूळच येते. ती परत भरड्यावर ओतायची, नितळ येईपर्यंत ओतत राहायची. घरी बिअर करणारा प्रत्येक जण हेच करतो. इथे भरड्याखाली हेमांगीची गाळणी बसवली होती.

"पाणी शुद्ध करणारी साधी गाळणी सगळंच अडवते," सकाळी पडद्यावरून कारखानीसबाई म्हणाल्या होत्या, "मला निवड हवी. गोडी यावी, गाळ राहावा. पण तुझ्या गाळणीला कळणार कसं, काय हवं ते?"

"ती शिकती गाळणी आहे, बाई. तिची छिद्रं हवी तशी उघडतात, मिटतात. खाली आलेला रस कुणी परत वर ओतला, तर तो नको होता असं ती समजते. बाजूला काढून ठेवला, तर हवा होता. तोंडाने काहीही सांगा, तिला फक्त हात कळतो."

"मग तीन वर्षांत शिकली का नाही?"

तेच हेमांगीला शोधायचं होतं. म्हणून आज आकड्यांवर नजर ठेवायला ती स्वतः पलीकडच्या खोलीत बसली होती आणि ओतायचं काम तिने तळप्रमुख रणधीर भोईटे यांच्याकडे दिलं होतं. भोईटे साताऱ्याकडचे. नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ, पण स्वभाव असा हौशी की कुणाचं लग्न असो की बारसं, हे आधी स्वयंपाकघरात.

आणि आता धारेगणिक रस जास्तच गढूळ होत चालला होता, म्हणून न राहवून ती उठून भोईट्यांकडे आली होती!

"भोईटेसाहेब, तुम्ही पहिली धार परत ओतलीत ना?"

"ओतली की. म्हणजे... ती नाही, दुसरी ओतली." भोईट्यांनी कपाटातून थर्मास काढला आणि मोठ्या प्रेमाने पुढे केला. "अहो बाई, पहिल्या धारेची कुणी परत ओततं का? आमच्याकडं पहिल्या धारेचा मान असतोय. ती तुमच्यासाठी काढून ठेवली. नंतरची जरा पाणचट, नितळ येत होती, ती टाकली वर. प्रत्येक वेळी तसंच केलं."

हेमांगीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती हातभट्टीची गोष्ट झाली! हा जवाचा रस आहे! तुम्ही गाळणीला गढूळ हवं म्हणून शिकवलंत आणि नितळ नको म्हणून! माझी तीन वर्षं मातीत घातलीत हो!"

भोईट्यांचा चेहरा पडला. नेमका तेव्हाच पडदा उजळला. कारखानीसबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हेमांगीला वाटलं, झालं, संपलं.

"हेमांगी, गाळ खाली येतोय ना? मग वर काय राहिलंय? झाकण काढ बघू."

हेमांगीने झाकण काढलं. भरड्यावर सोनेरी रस उभा होता, इतका नितळ की तळाशी बसलेलं टरफल न् टरफल दिसत होतं. गाळणीने गाळ तेवढा निवडून खाली सोडला होता.

"म्हणजे गाळणी शिकते," कारखानीसबाई म्हणाल्या. "भोईट्यांनी एका सकाळीत शिकवलं, उलटं का होईना. तुझ्याकडून का नाही शिकली? तू कधी परत ओतायचीस?"

"जरा गढूळ दिसलं की."

"आणि नितळ आलं की?"

हेमांगी हळूच म्हणाली, "तेव्हाही. वाटायचं, अजून नितळ येईल."

"म्हणजे तीन वर्षांत एक घोटसुद्धा ठेवून घेतला नाहीस! मग त्या बिचारीला कळावं कसं, तुला काय हवंय ते?"

हेमांगीला स्वतःचीच लाज वाटली आणि रागही आला. गाळणीला इतके दिवस शिव्या घातल्या त्या उगाचच.

"उलटं शिकलेली गाळणी मी पाण्याला लावू देणार नाही. तिची स्मृती पूस आणि माझ्यासमोर नव्याने शिकव. त्यावरच तळाचं ठरेल."

स्मृती पुसली. नवा भरडा भिजवला. पहिली धार गढूळ आली, ती हेमांगीने परत ओतली. भोईट्यांनी तोंड फिरवलं, त्यांना ते बघवेना. दुसरीही गढूळ, तीही परत. तिसऱ्यांदा भांडं उजेडात धरलं तर रस नितळ होता. फक्त एक कण, एकच, मधोमध तरंगत होता. हेमांगीचा हात सवयीने वर उचलला गेला.

"बाई," भोईटे काकुळतीला येऊन म्हणाले, "पुरे की आता!"

तो कण तिच्या डोळ्यांत खुपत होता. तरी तिने मनावर दगड ठेवून भांडं खाली घेतलं, रस थर्मासमध्ये ओतला आणि झाकण घट्ट लावलं.

गाळणीत छिद्रं मिटल्याची बारीकशी सळसळ झाली. पुढची धार आली ती नितळ, कणसुद्धा नसलेली. तिच्या मागची तशीच आणि त्यानंतरचीही.

"तळ चालू राहील," पडद्यावरून आवाज आला. "अभिनंदन, हेमांगी."

भोईट्यांनी टाळ्या पिटल्या. हेमांगी धारेकडे बघत राहिली. याहून थोडी नितळ आली असती, असं तिला वाटलंच. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.