चौदा दिवसांचा तक्ता

यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. उलट काही गाळले आहेत.

इंग्लंडमधलं ग्रिम्सबी. २२ मार्च २०१९, शुक्रवार. रात्र नव्हती. दुपारचे पावणेतीन होत आले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

त्याच्या महिनाभर आधी माझी आई, बेरिल, पाचव्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये मेलेली सापडली. बाथरूमच्या दारात.

ती एकटी राहायची. मी लीड्सला. दर रविवारी फोन करायचे. दोन रविवार तिनं उचलला नाही. आमचं भांडण झालं होतं, रुसली असेल म्हणून मीही सोडून दिलं. सोमवारी राहवेना, म्हणून हाउसिंगला कळवलं. हाउसिंग म्हणजे त्या सगळ्या इमारतींची मालक असलेली संस्था. मंगळवारी, १९ फेब्रुवारीला, त्यांनी दार उघडलं.

डॉक्टरांनी मृत्यूची तारीख घातली ४ फेब्रुवारी. हृदय बंद पडलं होतं.

“काही कळलंही नसेल त्यांना,” ते म्हणाले.

त्या एका वाक्यावर मी तो महिना काढला.

मग पत्र आलं.

आईच्या नावानं.

‘प्रिय बेरिल, तुमच्या असामाजिक वर्तनाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या आहेत. ठोकाठोकी. जड वस्तू ओढणे. दुर्गंधी. वर्तन न सुधारल्यास घर सोडावे लागेल.’

त्या शुक्रवारी फ्लॅटच्या किल्ल्या परत करायच्याच होत्या. पत्र घेऊन मी हाउसिंगच्या कचेरीत गेले. तिथे ट्रँटर नावाची बाई होती. तिशीची, गोड आवाजाची.

“सॉरी हं, लॉर्ना. पत्रं आपोआप जातात. केस बंद करायची राहून गेली.”

“दुर्गंधी म्हणजे काय?”

“शेजाऱ्यांनी कळवलं होतं तसं.”

“तो माझ्या आईचा वास होता.”

“हो ना...” तिनं संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. “पण तेव्हा तो उपद्रव म्हणून नोंदला गेला. दुसरा रकानाच नाही आमच्याकडे.”

१८ फेब्रुवारीला संध्याकाळी पहिली ताकीद द्यायला ही स्वतः वर गेली होती. दाराच्या फटीतून पत्र आत ढकललं आणि फाइलमध्ये शेरा लिहिला. तिनं फाइल पुढे केली, तेव्हा तो मी वाचला. ‘दार उघडले नाही. सहकार्य नाही.’

आईचा देह दारापासून आठ पावलांवर होता.

फाइलमध्ये एक तक्ता होता. तक्रार करणाऱ्याला हाउसिंग तो देते. चौदा दिवस, एकही दिवस न चुकवता, काय ऐकलं ते लिहायचं. तेव्हा कुठे ते हलतात. माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: ‘शेजाऱ्याशी स्वतः बोलायला जाऊ नका. फक्त नोंद करा.’

“लोक भांडतात हो,” ट्रँटर म्हणाली. “मागे एकानं सुरी काढली होती.”

तो तक्ता भरला होता चौथ्या मजल्यावर, आईच्या बरोबर खाली राहणाऱ्या ऑगल्सबींनी. अक्षर सुरेख.

५ फेब्रुवारी, दुपारी २:४०. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

८ फेब्रुवारी, २:४०. ठोके. मग काहीतरी ओढल्याचा आवाज, बाथरूमकडून स्वयंपाकघराकडे.

१३ फेब्रुवारी. वास. माश्या, सहा.

१८ फेब्रुवारी, २:४०. ठोके. आज हळू.

मी पहिली तारीख पुन्हा वाचली.

पाच.

आई चारला गेली होती.

किल्ल्या मी दिल्याच नाहीत. पर्समध्ये टाकल्या आणि थेट ऑगल्सबींकडे गेले.

ते बसखात्यातून निवृत्त झालेले. विधुर. घर आरशासारखं. चहा आला, बिस्किटं आली.

“तुझी आई भली बाई होती गं पोरी. पण ते चौदा दिवस तिनं मला जगू दिलं नाही.”

“तुम्ही वर का नाही गेलात?”

“वर जायचं नसतं. कागदावर लिहिलंय.”

“दार नुसतं वाजवायचं...”

“आणि केस फेटाळली असती म्हणजे? त्या ट्रँटरबाईंना ओळखत नाहीस तू. मागे त्या कुत्रेवाल्याची तक्रार केली, तर एक दिवस चुकला म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावलं.”

बाथरूमचं दार उघडं होतं. छताच्या एका कोपऱ्यात नवा पांढरा रंग दिलेला. त्याखालून पिवळट तपकिरी वर्तुळ वर येत होतं.

“तीन हात दिले रंगाचे,” ते म्हणाले. “फुटतंच.”

ते काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनाही. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

“तू हाउसिंगला सांगणार नसशील तर एक सांगतो. तक्त्यात नाही लिहिलं.”

“काय?”

“नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. झाडूचा दांडा घेतला आणि छतावर हाणला. गप्प बस म्हणून. चार वेळा.”

“मग?”

“वरून चार आले.”

मी कप खाली ठेवला.

“मी दोन ठोकले, दोन आले. मग जे सुरू झालं ते थांबेचना. भराभर... भराभर. जसं काही कुणाला आनंद झालाय.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

“रेडिओ मोठा केला.”

मला त्या माणसाची, त्या चहाची, त्यानं जपून चाटलेल्या बोटाची किळस आली. उठून जावं असं वाटलं. पण एक विचारायचं होतं.

“१९ तारखेनंतर बंद झालं ना?”

“छे. मी लिहायचं थांबवलं. चौदा दिवस भरले होते ना.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

दोन एकोणचाळीस.

फ्रिजची घरघर थांबली.

मग...

तीन ठोके.

बरोबर माझ्या डोक्यावर.

थांबून, तीन.

मी धावत वर गेले. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. हाउसिंगच्या सफाईवाल्यांनी फरशीचं आवरण उचकटून नेलं होतं. नुसतं काँक्रीट. जंतुनाशकाचा वास आणि त्याच्या खाली दुसरा.

आवाज नव्हता. कसलाच. मी श्वास धरून उभी राहिले.

खालून, आपल्या दारातून ऑगल्सबी ओरडले, “चालूच आहे! तू ठोकतेयस का?”

“नाही!”

“मग सरक तिथून! तुझ्या पायाखालीच आहे!”

पायाखाली काँक्रीट थंडगार होतं. थरथर नाही. काही नाही.

जे खाली ऐकू येत होतं, ते वर नव्हतंच.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला.

“चार तारीख कशी ठरवलीत?”

“दारात पाच तारखेपासूनची वर्तमानपत्रं तशीच पडली होती. त्यावरून अंदाज.”

“अंदाज?”

“बाई, देह ज्या अवस्थेत होता...”

“ती पडली आणि लगेच गेली, की पडून राहिली?”



“ठामपणे नाही सांगता येणार,” ते म्हणाले.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आता तो ठेवणं मला भाग आहे. कारण ते ठोके भुताचे नसतील, तर पाच तारखेला, आठला, तेराला बाथरूमच्या दारात कुणीतरी जिवंत होतं. खालून उत्तर आल्यावर त्याला आनंद झाला होता. आणि तेव्हा मी लीड्समध्ये बसून, ती रुसली आहे असं समजत होते.

जूनमध्ये तो फ्लॅट एका मुलीला दिला. एकटीच आहे, कडेवर तान्हं बाळ. ऑगल्सबींनी पुन्हा तक्ता मागवला. तिला दोन ताकिदी गेल्या आहेत. तिसरी गेली की प्रकरण कोर्टात, आणि ती रस्त्यावर.

“बाळ कधी असं ठोकतं का हो?” मी त्यांना फोनवर विचारलं.

“मला काय विचारतेस? आवाज तोच आहे, पण आता तिथे राहते ती, म्हणजे तक्रारही तिच्याच नावावर. तुला एवढं वाटतं तर तूच सांग ना हाउसिंगला. तुझं ऐकतील ते.”

ऐकतील कदाचित. एक पत्र पुरेल. पण मग ते कारण शोधायला माणसं पाठवतील, छत फोडतील, काहीतरी करतील आणि आवाज बंद पडेल. तो चालू आहे तोवर मला एवढं तरी म्हणता येतं, की ठोकायला जिवंत माणूस लागत नाही.

मी पत्र लिहिलेलं नाही.

दर शुक्रवारी मी ऑगल्सबींना फोन करते. काल केला.

“येतो का अजून?”

“रोज. वेळेवर.”

“बरं झालं,” मी म्हणाले.

“ठेव आता,” ते म्हणाले. त्या माणसालाही माझी किळस आली असावी.

मी फोन ठेवला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.