सायखेड्याची गोधडी

भूत आम्ही मानत नाही. बुद्धाच्या घरातली माणसं आम्ही. म्हणून मी भूत म्हणणार नाही, घडलं तेवढं सांगते. ज्याला खिदळायचंय त्यानं आत्ताच उठून जावं.

चौऱ्याऐंशीचा जानेवारी, रविवारची रात्र. आमच्या नाशिकरोडच्या शेजारचा मल्हारी दुपारी सायखेड्याला जाऊन आईच्या गोधड्या घेऊन आला. म्हातारी दिवाळीत गेली, ती त्यातल्याच एकीवर. गेलेल्याचं अंथरूण नदीला सोडतात, घरात आणत नाहीत. मी बोललेच, "ही कशाला उचललीस रे?"

"सगळ्यात जाड हीच हाय, ताई."

मल्हारी भीमजयंतीला गायचा. घशात गाठ निघाली. पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायचं होतं, ऑपरेशनला. आवाज राहणार नाही, डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं. बायको लताबाई पाच महिन्यांची पोटुशी. पोराला बापाचा आवाज ऐकायला मिळावा, म्हणून एक अंगाई टेपवर घ्यायची होती.

टेप मागून आणलेला. खोली पत्र्याची. पहिल्यांदा गायला तर आवाज डब्यातला आला.

"हा बाप हाय का रॉकेलवाला?" मल्हारीच हसला.

मग चारी भिंतींना खिळे ठोकून गोधड्या टांगल्या. माईकची वायर जुन्या व्हॉल्वच्या रेडिओतून टेपला जोडली.

"मावशी, गोधडीनं काय होतं?"

पत्र्यावर आवाज आपटत नाही, भरून येतो. मधे विचारू नकोस, गप गोष्ट ऐक.

दुसऱ्यांदा गायला. काय आवाज लागला! छातीतून निघालेला, गरम भाकरीसारखा. पण पहिल्या कडव्यालाच खोकला आला. रुमालात रक्त. लताबाई म्हणाली, "राहू द्या आता."

"एकदाच. मग कुठं गाणार हाय मी?"

बटण दाबलं. टेप फिरायला लागली. मल्हारीनं तोंड उघडलं...

काही नाही.

ओठ हलत होते. मानेच्या शिरा ताठ. आवाज नाही. खोलीत फक्त टेपची घरघर.

मी भिंतीकडं पाहिलं.

दार बंद. खिडकी बंद. वारा नाही. ती जाड गोधडी फुगत होती. आत जात होती. पुन्हा फुगत होती... माणूस श्वास घेतो तशी.

लताबाईनं माझा दंड धरला.

ओठ थांबले. गोधडी थांबली.

मल्हारी भिंतीला टेकून रडायला लागला. टेप मागं घेतली ती मी. का घेतली, माहीत नाही. लावली...

मल्हारीचा आवाज. स्वच्छ. भरदार. पहिलं कडवं, दुसरं, शेवटचं. कुठं खोकला नाही, कुठं अडकणं नाही. आणि तो समोर बसलेला, तोंडावर हात घेऊन.

त्या रात्रीनंतर मल्हारी कधी बोलला नाही. पोरगी त्याच टेपवर निजायची. टेप अजून आहे तिच्याकडं, जाऊन ऐका.

पण अंगाई संपली की लगेच बंद करू नका. पुढं जरा शांत आहे. मग कुणीतरी कानशिलावर बोटं मोडतं, म्हातारी लेकराची दृष्ट काढते तशी. कडाकडा. दहाच्या दहा.

मी मोडली नव्हती. लताबाईचे दोन्ही हात माझ्या दंडावर होते.