दहाव्या खांबापाशी

फिटरने नवा फोन घेतला तेव्हा त्याच्या ताईने तो हातात तोलून पाहिला. "यात कपडे तेवढे धुऊन होत नाहीत ना रे?"

फोन विटेसारखा जाड होता, अंगावर काळं रबर. पाण्यात पडला, दगडावर आपटला, तरी चालायचा. त्यात झगझगीत टॉर्च होता, वॉकीटॉकीचं बटण होतं आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. गरम ते लाल-पिवळं दिसे, गार ते निळं. घाटात रेंज नसते म्हणून त्याने जोडीच घेतली. दुसरा फोन दाजींकडे, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडे. जीपही त्यांचीच.

त्या दुपारी दोघं घाटातल्या तुटक्या कठड्याचं माप घ्यायला निघाले. मागच्या वर्षी एक गाडी तिथून दरीत गेली होती, दहा नंबरच्या खांबासकट.

"यांना नीट घेऊन ये," ताई म्हणाली.

"मी काय लहान आहे?" दाजी हसले.

वर चढताना फिटरने सहज विचारलं, "त्या गाडीतला माणूस सापडला का हो?"

"गाडी सापडली," दाजी म्हणाले.

चारच्या सुमाराला धुकं उतरलं. बोनेटसुद्धा दिसेना. गाडी वळवायला जागा होती ती दहाव्या खांबाच्या जागेपुढे, म्हणून पुढे जाणं भाग होतं. धुक्यात गाडी काढायची त्यांची ठरलेली रीत होती. फिटर खाली उतरून कडेच्या पांढऱ्या खांबांच्या रांगेने चाले. खांब हाताला लागला की बटण दाबून आकडा सांगे. तो ऐकल्याशिवाय दाजी गाडी हलवत नसत.

"खांब पाच. या दाजी."

मागे इंजिनाची घरघर आणि टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज. धुक्याला ओल्या, गंजक्या लोखंडाचा वास येत होता. सहा. सात. आठ. नवव्या खांबाशी गाडी बोलावून तो पुढे सरकला आणि थांबला. दहावा खांब नव्हताच; इथून रस्ता डावीकडे वळत होता, समोर मोकळी दरी. त्याने पायाने कड चाचपली. एक खडा सुटून खाली गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

त्याने बटणाला बोटही लावलं नव्हतं. तरी फोन बोलला. हळू, त्याच्याच आवाजात.

"खांब दहा... ये."

मागे गियर पडला.

"दाजी, थांबा. मी नाही बोललो," तो बटण दाबून ओरडला.

"ये... अजून थोडं ये..."

आपलं बोलणं पलीकडे पोचतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. जीप कुठे आहे ते कळावं म्हणून त्याने उष्णतेचा कॅमेरा लावला. पडद्यावर इंजिनाचा लाल गोळा सरकत होता. त्याच्यापुढे माणसाएवढं काहीतरी निळं, उलट्या पावलांनी चालत होतं. त्याचा एक हात लांब झाला होता, थेट काचेतून आत.

फिटर धावला. दार उघडून त्याने हँडब्रेक खेचला. पुढचं एक चाक कडेबाहेर फिरत राहिलं.

"तूच तर बोलावलंस," दाजी म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मी तुम्हाला कधी 'ये' म्हणतो का?"

 दाजी डावं मनगट चोळत बसले.

धुकं विरल्यावर गाडी मागे घेऊन, वळवून ते घरी आले. ताईने चहा दिला, आणि कप देताना दचकली.

"यांचा हात बघ रे. नुसता बर्फ झालाय."

फिटरने फोन समोर धरला. दाजींचं तोंड पिवळं, छाती लाल. डाव्या मनगटाभोवती पाच निळे पट्टे, बोटांएवढे.

त्याने दोन्ही फोन बंद केले, पेटीत घातले, कुलूप लावलं. ताईला काही सांगितलं नाही. नुसता दारापाशी पाट ओढून बसला.

दिवा लागला होता.  दाजींनी अर्धा चहा तसाच ठेवला, उठले आणि चपला पायात सरकवल्या.

"आता कुठे निघालात?" ताईने विचारलं.

त्यांचा डावा हात अंगापुढे ताणलेला होता. बंद दाराकडे बघत ते हळूच म्हणाले,

"आलो..."