बिस्किटने चाटलेले बूट

"छत्री नको, आजोबा! छत्री जहाजावर ठेवून या!" मार्नी टेबलामागून ओरडली.

"का गं? पाऊस तर पडतोय!"

"टर्नस्टोनमध्ये पाऊस पडत नाही, आडवा येतो! छत्री उलटी होईल आणि सगळ्या फोटोंत तुम्ही तिच्याशी कुस्ती खेळताना दिसाल. कानटोपी घाला, वर हे प्लॅस्टिकचं जाकीट. आणि सुती मोजे काढा. लोकरीचे घाला!"

ते प्रवासी आजोबा हसत हसत जहाजाचा जिना चढून परत गेले. धक्क्यावर उभं असलेलं ते पांढरं जहाज टर्नस्टोन गावातल्या सगळ्या घरांपेक्षा उंच होतं. उन्हाळाभर अशी जहाजं यायची आणि शाळेला सुट्टी लागली की मार्नी, तिचा मामेभाऊ ओटिस आणि मित्र रेनान धक्क्यावर टेबल मांडायचे. कोको विकत आणि सल्ला फुकट! टेबलाखाली रेनानचा कुत्रा बिस्किट बांधलेला असायचा.

"हिमनदी कुठल्या बाजूनं दिसते रे बाळा? आम्ही उजवीकडची खोली घेतलीय," एका बाईंनी ओटिसला काळजीनं विचारलं.

"दोन्ही बाजूंनी दिसते, काकू! कप्तान तिथं जहाज सावकाश गोल फिरवतो. पळापळ करू नका, हातातलं जेवण तर अजिबात सोडू नका."

"खोलीला गॅलरी हवीच!" मागचे एक गृहस्थ म्हणाले. "कॉफी पिता पिता देवमासा पाहिला आम्ही!"

"काय उपयोग?" त्यांची बायको फणकारली. "सगळा दिवस तर तुम्ही वरच्या डेकवर गारठत उभे! गॅलरीत नुसते ओले मोजे वाळत होते!"

रेनान खो खो हसला. मार्नी मात्र हसली नाही. एरवी तिची जीभ कात्रीसारखी चालायची, पण आज तिचं लक्ष लागत नव्हतं.

लेस्टरमामाची, म्हणजे ओटिसच्या बाबांची, गावाच्या टोकाला मासे धुरावर सुकवायची खोपटी होती. अख्ख्या घराचा हिवाळ्याचा सॅल्मन मासा तिथं टांगलेला असायचा. काल रात्री अस्वलानं तिची फळी उचकटली. तीही दुसऱ्यांदा! दोन वर्षांचं काळं अस्वल होतं ते. वसंतात आईनं त्याला हाकलून दिलं, तेव्हापासून ते एकटंच समुद्रकाठी गवत खात हिंडायचं. शाळेच्या खिडकीतून मार्नी रोज त्याला बघायची. तिला ते फार आवडायचं.

आणि आज सकाळी वन्यजीव खात्याच्या हेडलंडबाई येऊन सांगून गेल्या होत्या, "लेस्टर, याला तुझ्या खोपटीमुळे माणसांच्या अन्नाची चटक लागली. उद्या ते एखाद्या घरात शिरेल. आज रात्री मी बंदूक घेऊन इथं बसणार."

मामानं उचकटलेली फळी हातात उचलून पाहिली होती. मग म्हणाला, "ओढ्यात मासे मावत नाहीयेत इतके आलेत. ते सोडून हे माझ्या दारात का येतं, तेच कळत नाही."

तेच मार्नीलाही कळत नव्हतं. त्या बिचाऱ्या अस्वलाच्या हाती आता फक्त एक दिवस उरला होता.

"बिस्किट! ए! शी! सोड!" रेनान एकदम किंचाळला.

ब्रेंटची सकाळची सहल जंगलातून परतली होती. ब्रेंट हा या वर्षी दक्षिणेकडून आलेला नवा वाटाड्या. लोक कोको घ्यायला टेबलाशी आले आणि बिस्किट दोरी ताणून त्यांच्या बुटांवर तुटून पडला. एका बाईंचे बूट चाटून झाले, की लगेच दुसऱ्यांचे!

"असू दे रे," बाई खुशीत होत्या. "कसली मस्त सहल झाली! पुलापाशी गेलो आणि अस्वल हजर! बोलावल्यासारखं!"

"माझी बहीण मागच्या जहाजानं आली होती," दुसऱ्या म्हणाल्या. "तिलाही तिथंच दिसलं! अगदी त्याच खोडापाशी!"

मार्नीनं कोकोचा पेला खाली ठेवला. अस्वल काय जहाजाचं वेळापत्रक वाचून येतं? आणि बिस्किट दुसऱ्या कुणाचे बूट का चाटत नाही? सकाळपासून शेकडो माणसं टेबलापुढून गेली होती!

"काकू, जरा पाय वर करता का?"

"काय?"

"एकच मिनिट!" मार्नीनं वाकून बुटाच्या तळाचा वास घेतला. "ओटिस! तळलेला हॅलिबट मासा!"

"भूक लागलीय तुला!"

"घे, तूच बघ!"

ओटिसनं नाक पुढे केलं आणि त्याचे डोळे विस्फारले. बुटाच्या तळाला तळणीच्या जुन्या तेलाचा वास येत होता!

तिघांनी टेबलावर कापड टाकलं आणि बिस्किटला पुढे घातलं. ओटिसनं बाबांकडून अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा मागून घेतला. त्याशिवाय गावातलं कुणीच जंगलात पाऊल टाकत नाही. बिस्किट नाक खाली घालून धक्क्यावरून निघाला, फळ्यांच्या रस्त्यानं गेला, वळला आणि थेट मामाच्या खोपटीवरून पुढे जंगलाच्या पायवाटेला लागला.

खोपटीसमोर मार्नी थबकली.

"अरे, सगळे सहलवाले इथूनच परत येतात ना? तेल बुटांना लागतं, बूट इथून धक्क्यावर जातात. आणि रात्री अस्वल तोच वास हुंगत हुंगत..."

"बाबांच्या दारात!" ओटिस म्हणाला. "आणि इथं आत सॅल्मन टांगलेला! ते कशाला पुढे जाईल?"

"म्हणजे त्याला आपणच रस्ता दाखवतोय!" रेनान म्हणाला.

जंगलात शिरल्यावर तिघं मोठमोठ्यानं बोलायला लागले. अस्वलाला दचकवायचं नाही, आपण येतोय हे आधी कळवायचं, हे तिथलं पोरगंसुद्धा जाणतं.

"ए अस्वला! आम्ही आलोय रे! तीन माणसं आणि एक मूर्ख कुत्रा!" ओटिसनं हाळी दिली.

"मूर्ख तू! त्यानंच तर शोध लावला!" रेनान भडकला.

लाकडी पुलापाशी बिस्किट थांबला आणि फळ्या चाटायला लागला. पुलालगतचं जुनं खोड चकचकीत दिसत होतं. वरून ओघळलेलं तेल फळ्यांवर पसरलं होतं. पाऊस पडून पडूनही ते गेलं नव्हतं.

"बाबांचा उत्तरेतला मित्र शिकारीला जातो तेव्हा हेच करतो," ओटिस दबक्या आवाजात म्हणाला. "अस्वलाचे पाय तेलात भरतात, ते वास रानभर नेतं, की दुसरी अस्वलंही येतात. पण तो हे गावापासून लांब करतो! इथं कुणी..."

पावलं वाजली. तिघं एका जाड बुंध्यामागे झाले. रेनाननं बिस्किटचं तोंड दाबून धरलं. पायवाटेनं ब्रेंट आला, हातात बादली घेऊन. शीळ घालत त्यानं बादलीतलं तेल खोडावर ओतलं, हात पुसले आणि दुपारच्या सहलीची माणसं आणायला निघून गेला.

मार्नीनं घाईघाईत फोटो काढला खरा, पण तोवर ब्रेंट पाठमोरा झाला होता.

धक्क्यावर हेडलंडबाई जहाजाच्या गर्दीत अडकल्या होत्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"हा पाठमोरा रेनकोट आहे, मार्नी. या गावात सगळेच पाठमोरे असे दिसतात."

"तुम्ही येऊन बघा ना! खोडावर तेल आहे!"

"आज मला श्वास घ्यायला फुरसत नाही. उद्या बघू."

"उद्या?" मार्नीचा आवाज चिरकला. "उद्या बघायला अस्वल कुठे असणार आहे, बाई? आज रात्री तर तुम्ही त्याला मारणार!"

बाईंनी फोटो परत दिला. तेवढ्यात त्यांच्या पायाशी लपलप आवाज झाला. बिस्किट त्यांचे बूट चाटत होता. डावा झाला, मग उजवा!

"हे काय?"

"तुम्ही सकाळी खोपटीकडून आलात ना?" रेनान म्हणाला. "मग तुमच्याही बुटांना लागलंय!"

हेडलंडबाईंनी एक पाय उचलून वास घेतला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी गणवेशात गेले तर ब्रेंट त्या वाटेला फिरकणारसुद्धा नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"माझ्या नवऱ्याचं तिकीट घ्या की!" कोको पीत सगळं ऐकत उभ्या असलेल्या एक आजी पुढे आल्या. त्या पिकेटबाई, दुपारच्या सहलीला निघालेल्या. "तो खाली उतरायलाच तयार नाही. म्हणतो, जेवणाचे पैसे जहाजावर भरलेत, अस्वलाला कशाला भेटू!"

मार्नीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ती टेबलामागे धावली आणि कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन दुपारच्या सहलीच्या रांगेकडे गेली.

"आजचा खास सल्ला! फुकट!" ती एकेकाच्या हातात रुमाल ठेवत हळूच सांगू लागली. "पुलावर पोचलात, की मी खोकेन. मग अस्वल बघायच्या आधी बुटाचा तळ पुसायचा आणि रुमालाचा वास घ्यायचा. का, ते तिथंच कळेल!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण सकाळी छत्रीचा सल्ला ऐकून कोरडे राहिलेले आजोबा त्या रांगेत होते. ते म्हणाले, "पोरगी सांगतेय तसं करा हो. तिला कळतं!"

ब्रेंट आला तेव्हा सगळे प्लॅस्टिकच्या एकसारख्या जाकिटांत उभे होते. कोण कोणाचा नवरा आणि कोण सरकारी अधिकारी, काही पत्ता लागत नव्हता.

"तुम्ही तिघं कशाला रे मध्ये?" त्यानं मुलांना हटकलं.

"माझे गुडघे दुखतात," पिकेटबाई म्हणाल्या. "पोरं हात धरतील. नाही म्हणालात तर माझं मत मी सगळ्या जहाजाला सांगेन हं!"

ब्रेंट मुकाट्यानं पुढे झाला.

पुलावर त्यानं बोट वर केलं. "शू! आता अजिबात आवाज नको. त्या खोडाकडे बघा. माझं मन मला सांगतंय..."

मार्नी खोकली.

सगळ्यांनी एक एक पाय वर केला! कुणी कठड्याला धरलं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला. एक काका तोल जाऊन दुसऱ्यांच्या अंगावर पडले. मग सगळ्यांनी रुमाल नाकाशी नेले.

"चिप्स!"

"छे, तळलेली मासळी!"

"मिस्टर ब्रेंट," आजोबांनी मोठ्यानं विचारलं, "या जंगलात मासे तळतं कोण?"

ब्रेंटनं सगळ्यांना घाईनं पुढे चलायची खूण केली. पलीकडची झुडपं हलली आणि काळं अस्वल बाहेर आलं. सरळ खोडापाशी जाऊन ते चाटायला लागलं. माणसांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. इतकं जवळ! माणसांना न घाबरणारं अस्वल फार दिवस जगत नाही, हे मार्नीला माहीत होतं. तिला ते आवडायचं म्हणूनच त्याला असं निर्धास्त बघून तिला रडू फुटायचं बाकी होतं.

घोळक्यातल्या एका जाकिटाची टोपी मागे गेली. हेडलंडबाईंनी खिशातून भोंगा काढला. "कान झाका!" त्या म्हणाल्या आणि भोंगा असा वाजवला, की अस्वल जागच्या जागी उडालं आणि झाडंझुडपं मोडत डोंगरावर पळालं. बाई थांबल्या नाहीत. ते दिसेनासं होईपर्यंत वाजवतच राहिल्या.

"बाई, मी... ते काही खायचं नाही हो, नुसता वास!" ब्रेंट चाचरला. "तुम्हाला काय माहीत! अस्वल दिसलं नाही की लोक लिहितात, 'नुसता चिखल, पैसे वाया.' दोनदा असं लिहिलं की तिसऱ्या जहाजाचं कुणी फिरकत नाही!"

"आणि त्या वासावर अस्वल गावात आलं!" मार्नीच्यानं राहवेना. "आज रात्री त्याला गोळी घालणार होते! तुमच्यामुळे! आणि सगळे माझ्या मामाच्या खोपटीला नावं ठेवत होते!"

ब्रेंटनं मान खाली घातली. त्याला हे खरंच माहीत नव्हतं. त्यानं विचारच केला नव्हता.

"गोळी?" पिकेटबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. "माझं मत आत्ताच ऐका, मिस्टर ब्रेंट. मला झाडं बघायलाही चालली असती!"

हेडलंडबाईंनी ब्रेंटची सहल बंद केली आणि दंडही ठोठावला. मग त्या मामाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"लेस्टर, चूक माझी झाली. मी सकाळीच वाट तपासायला हवी होती. आज रात्री बंदूक आणत नाही. बादली आणि ब्रश आणते."

पुलापासून धक्क्यापर्यंतच्या फळ्या साबणानं घासल्या गेल्या. निम्मं गाव आलं होतं. ब्रेंटही आला आणि गुडघ्यांवर बसून घासत राहिला. खोड उपटून बोटीनं दूर नेलं. पुढचे काही दिवस बाई रोज भोंगा घेऊन वाटेवर फिरल्या. अस्वल एकदा रानाच्या कडेपर्यंत आलं, हवा हुंगली, भोंगा ऐकला आणि ओढ्याकडे वळलं.

"खात्यात इतकी वर्षं काढली मी," हेडलंडबाई मामाला म्हणाल्या, "पण बुटांचा वास घ्यायचं मला कधी सुचलं नाही. पोरं हुशार आहेत तुझी."

"पोरं आमची आहेतच हुशार," मामा म्हणाला आणि त्यानं मार्नीच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं मोठं कौतुक त्यानं आजवर कुणाचंच केलं नव्हतं.

पुढचं जहाज आलं. ब्रेंटला आता दंड भरून, फक्त झाडं-पक्षी दाखवायची परवानगी मिळाली होती. दुपारी त्याच्या सहलीतला एक माणूस टेबलाशी आला. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, बुटांवर चिखलाचे थर! बिस्किटनं त्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"माझं मत लिहून घ्या!" तो गृहस्थ कडाडला. "मैलोन् मैल तंगडतोड केली आणि एक अस्वल दिसलं नाही!"

"एकसुद्धा नाही?" मार्नीनं विचारलं.

"एकसुद्धा नाही!"

"पुलापाशीही नाही?"

"सांगतोय ना, कुठंच नाही! हसताय काय?"

मार्नी हसत होती, ओटिस हसत होता, रेनान तर हसू आवरेना म्हणून टेबलाखाली बसला होता. मागे उभ्या असलेल्या लेस्टरमामानं खोपटीतल्या सॅल्मनचा एक चांगला जाडजूड तुकडा कागदात गुंडाळला आणि त्या माणसाच्या हातात ठेवला. तो बिचारा एकदा माशाकडे, एकदा त्या चौघांकडे बघत राहिला आणि मग डोकं हलवत जहाजाच्या जिन्याकडे गेला.