वास खाणारा थर

यंत्र घ्यायचं ठरलं ते डॉक्टरांमुळे. आईच्या छातीतली घरघर ऐकून त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि विचारलं, "खिडक्या कुठे उघडतात तुमच्या?" मी म्हटलं, रस्त्यावर. "मग बंद करा. आणि हवा साफ करणारं यंत्र घ्या. औषधांनी व्हायचं तेवढं होऊन गेलंय."

आमच्या घरासमोरच्या रस्त्याचं काम चाललं होतं. ते सुरू कधी झालं हे मला आठवतं, संपणार कधी हे ते करणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. रोज सकाळी खिडकीच्या चौकटीवर सिमेंटची पूड पिठासारखी साचलेली असायची. मी सगळ्या खिडक्या लावल्या, फटींवर चिकटपट्टी मारली आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन एअर प्युरिफायर घेऊन आलो.

विकणारा भलताच बोलका होता. त्याने एक काडी ओढली आणि यंत्राच्या तोंडाशी विझवली. हिरवा दिवा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल झाला, आतला पंखा घोंघावायला लागला आणि जरा वेळाने पुन्हा हिरवं, शांत. "खोलीत नुसतं माणूस आलं तरी याला कळतं बघा," तो म्हणाला. मग मागचं झाकण उघडून त्याने आतड्यांची ओळख करून दिली. बाहेरची जाळी, ती धुवायची. तिच्यामागे घड्या घातलेला पांढरा कागद. आणि सगळ्यात आत कोळशाचा काळा थर. "हा वास खातो. पोट भरलं की बाजूचा बारका दिवा लुकलुकतो. मग हा सगळा संच फेकायचा आणि नवा बसवायचा."

"म्हणजे माझाच धंदा करतो की हा," मी म्हटलं. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. लोकांच्या कोटांतून, शालींतून त्यांचे वास काढण्यात माझी हयात गेली. तो हसला नाही. मी विनोद केले की लोक सहसा हसत नाहीत.

आई मात्र हसायची. काचबिंदूने तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचं कुणावाचून काही अडत नसे. तिचं सगळं नाकावर चालायचं. डॉक्टर जिन्यात असतानाच ती म्हणायची, "आले, साबणाने हात सोलून घेणारे." माझी थोरली बहीण शाळेत शिकवते, तिला ती खडूवरून ओळखायची. आणि मी संध्याकाळी दार उघडलं की, मी तोंड उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "आलास का ठोंब्या?" वाफ, खळ आणि त्याखाली माझा म्हणून जो काही वास असेल तो. "लहानपणी ताप आल्यावर जो यायचा तोच," ती सांगायची. "माणूस म्हातारा होतो, वास नाही होत." पन्नाशीच्या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात कुणीतरी असावं. मी लग्न केलं नाही. मला हाक मारणारं ते एकच तोंड होतं.

यंत्र आईच्या खोलीत बसवलं, तिच्या पलंगाच्या आणि माझ्या खाटेच्या मधोमध. गुण लगेच आला. घरघर कमी झाली, उशांचा डोंगर उतरला, ती आडवी होऊन झोपायला लागली. मी दर रविवारी जाळी काढून नळाखाली धुवायचो, सावलीत वाळवायचो, यंत्राचं तोंड मऊ फडक्याने पुसायचो. कुणी आलं की दिवा खरंच नारिंगी व्हायचा. ताईला त्याची मोठी गंमत वाटायची. ती मुद्दाम आत-बाहेर करून बघायची.

पहिल्यांदा आईनेच तक्रार केली. "घराला वास उरला नाही रे. धुतलेल्या पातेल्यात बसल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, बरंच आहे की, त्यासाठीच तर आणलंय.

मग एका संध्याकाळी मी दार उघडलं आणि आतून "आलास का ठोंब्या" आलं नाही.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

थट्टा करत असेल असं वाटून मी जवळ गेलो. तिने माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि ठेवून दिला. ठेवून दिला म्हणजे, एखादी वस्तू ठेवावी तसा. "बसा," ती म्हणाली. "मुलगा येईलच एवढ्यात."

मला माझ्या आईने "बसा" म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, असं होतं. मी ते मान्य केलं. मला असल्या गोष्टी मान्य करायला आवडतात, त्यांना नाव असलं म्हणजे झालं. पण ताईला ती ओळखत होती. डॉक्टरांना ओळखत होती. माझ्या दुकानातले इस्त्रीवाले काका कधीतरी चावी द्यायला यायचे, त्यांनासुद्धा दारातूनच ओळखलं. न ओळखलेला मी एकटाच. मी हाका मारायचो, लहानपणच्या गोष्टी सांगायचो, आणि ती मान तिरकी करून ऐकायची. "आवाज अगदी त्याच्यासारखा काढता हो तुम्ही," ती कौतुकाने म्हणायची.

एका दुपारी दुकानात वीज गेली म्हणून मी लवकर घरी आलो. जिन्यातच मला आईचं हसणं ऐकू आलं. ती कित्येक दिवसांत अशी हसली नव्हती. दार ढकललं तर खोलीत ती एकटीच होती. कुशीवर वळून, गाल हातावर ठेवून, यंत्राकडे तोंड करून पडली होती. यंत्राची हवा तिच्या कपाळावरचे केस हलवत होती.

"कोणाशी बोलतेस?"

"आमचा मुलगा आलाय," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, परक्याला विश्वासात घ्यावं तशी, "दुकान विकायचं म्हणतोय. मी म्हटलं, विक बाबा, किती दिवस वाफ खाणार."

मी दारातच उभा राहिलो. दुकान विकायचा विचार माझ्या डोक्यात त्याच आठवड्यात आला होता. मी तो कुणाजवळ बोललो नव्हतो, ताईजवळसुद्धा नाही. नुसता खाटेवर पडून, यंत्राकडे पाय करून, मनातल्या मनात घोळवला होता.

मी यंत्र बंद केलं. चिकटपट्टी ओरबाडून खिडकी उघडली. म्हटलं, घराला वास येऊ दे, मला वास येऊ दे. आईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, ओठ निळसर झाले, ती दोन्ही हातांनी हवा पकडायला लागली. मी खिडकी लावली, बटण दाबलं आणि तिचे पाय चोळत बसलो. दम परत आल्यावर ती यंत्राकडे वळून म्हणाली, "कुठे गेला होतास?"

त्यानंतर बंद करायचा प्रश्नच उरला नाही. ती यंत्राशी गप्पा मारायची, मी जेवण भरवायचो. माझे आभारही मानायची. माणूस चांगला आहे, असं ती यंत्राला माझ्याबद्दल सांगायची. मला यंत्राचा मत्सर वाटायचा. हसण्यासारखंच आहे, पण वाटायचा.

म्हणून बारका दिवा लुकलुकायला लागला तेव्हा मला आनंद झाला. नवा संच आणला, मागचं झाकण उघडलं, जुना बाहेर ओढला. हातात चांगलाच जड लागला. काळ्या थराला मी नाक लावलं. माझा धंदाच आहे, मी कापडाला नाक लावतोच. वाफेचा वास आला. खळीचा आला. आणि त्याखाली, ओल्या उशीचा, लहानपणच्या तापाचा, कोंदट आणि उबदार. तो वास माझा होता. मला स्वतःचा वास पहिल्यांदाच आला, आणि तो माझ्या अंगाला येत नव्हता.

मी तो संच पिशवीत कोंबला, तोंड घट्ट बांधलं आणि खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला. हात झटकले. वर आलो तेव्हा शीळ घालत होतो.

आई उठून बसली होती. "ठोंब्या?" ती यंत्राला हाक मारत होती. "अरे ठोंब्या?" तिने हात पुढे करून हवेचा झोत चाचपला, नाक पुढे केलं, पुन्हा चाचपलं. मग तिने मोठ्याने रडायला सुरुवात केली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"आई, मी आहे ना. इथेच आहे मी."

"पुरे करा हो आता," ती म्हणाली. "त्याचा आवाज काढू नका. निदान आज तरी नका काढू."

मी धावत खाली गेलो. डबा रिकामा होता. गाडी येऊन गेली होती.

तिने जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. श्वास स्वच्छ होता, तक्रार काही नव्हती, नुसती जगायची इच्छा संपली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की असंच राहिलं तर फार दिवस काढणार नाही. ताई येऊन रडून गेली. "काहीतरी कर ना रे," ती म्हणाली, "तुझ्याच हातात आहे सगळं." तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण मला उपाय कळला.

दुकान इस्त्रीवाल्या काकांवर सोडलं. खाट ओढून यंत्राला चिकटवली आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून पडून राहायला लागलो. आंघोळ सोडली. न धुतलेले सदरे त्याच्या जाळीवर पसरायचो. त्याच्यात श्वास सोडायचो, आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर आठवेल ते देत जायचो. पहिली सायकल, तापातलं आईचं गार बोट, वडिलांची चप्पल, न झालेलं लग्न. सुरुवातीला मी जवळ गेलो की दिवा लाल व्हायचा. पुढे नारिंगी व्हायला लागला. मी म्हटलं, मुरतंय.

एका सकाळी आईने भिंतीकडून कूस बदलली. नाक वर केलं. तिचा सगळा चेहरा उजळला.

"आलास का ठोंब्या? किती रे उशीर."

ती यंत्राला म्हणाली. मी रडलो. आनंदानेच रडलो, ते लपवण्यात काय अर्थ आहे. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मी आंघोळ केली, दाढी केली आणि दुकानात गेलो. गल्ल्याशी उभा राहिलो. एक बाई साडी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत ओरडली, "अहो, आहे का कुणी?" इस्त्रीवाले काका लगबगीने आले, माझ्या अंगावर आदळले, चमकून मागे बघितलं. "मालक, तुम्ही होय? दिसलाच नाहीत." मी मागच्या खोलीत जाऊन अंगातला सदरा काढला आणि काखेपाशी नाक लावलं. उन्हातून चालत आलो होतो. घामाने कापड भिजलं होतं. वास कशालाच नव्हता. आमच्या दुकानातून परत गेलेल्या कपड्यासारखा होता तो सदरा.

दुकान मी विकलं नाही. मी तिथे जाणं मात्र सोडलं, आणि कुणी विचारायला आलं नाही.

आता आई बरी आहे. तिच्या गप्पांतून मला माझ्याच गोष्टी कळतात. त्यातल्या पुष्कळशा मला आता आठवत नाहीत. वडिलांच्या चपलेचं काय झालं होतं, हे मला तिच्याकडूनच ऐकावं लागतं, तेही ती यंत्राशी बोलत असताना. जाळी मी अजून दर रविवारी धुतो.

या रविवारी जाळी वाळली का ते बघायला गच्चीवर गेलो. जाताना यंत्राकडे नजर गेली तर बारका दिवा लुकलुकत होता. थर भरला होता. नवा संच कपाटात आणून ठेवलेला आहे. तो बसवला तर आई पुन्हा हाका मारील, भिंतीकडे वळेल. नाही बसवला तर तिचा श्वास पुन्हा वाजायला लागेल. आणि बसवून पुन्हा भरायचा म्हटलं, तर कशाने? गच्चीवर बसून मी बराच वेळ आठवून बघितलं. माझ्यापाशी देण्यासारखं काही निघेना.

खाली आलो तेव्हा ताई आलेली होती. जिन्यातूनच दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

मी दार उघडलं.

ताई आईच्या पलंगावर बसली होती, तिचे केस विंचरत. तोंड माझ्याकडेच होतं. "बघ ना आई," ती यंत्राकडे हात करून म्हणत होती, "आल्यापासून याने माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही म्हणजे काय." आणि आई खुदकन हसली.

"ताई," मी म्हटलं.

आईने मान तिरकी केली. "दार वाजलं का गं?"

ताईने वर बघितलं. दाराकडे, माझ्याकडे. मग बंद खिडक्यांकडे, त्यांच्यावरच्या चिकटपट्ट्यांकडे. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"वारा असेल," ती म्हणाली.

ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दार लोटायला लागली. बोटं सापडू नयेत म्हणून मी मागे सरलो. फट मिटेपर्यंत मला यंत्राचा मोठा दिवा दिसत होता. तो हिरवाच होता.